हॅवलॉकला जाताय? मग भरती-ओहोटी बघून किनारा निवडा

प्रश्न : ताई, डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही अंदमानला जातोय, हॅवलॉकला तीन रात्री आहेत. सोबत सासूबाई (गुडघे दुखतात) आणि दोन मुलं, मोठीला स्नॉर्केलिंग करायचंच आहे. मला खरंतर शांत, गर्दी नसलेला बीच हवाय, दर वीकेंडला काशीद-नागावची जत्रा बघून कंटाळा आलाय. कुणी म्हणतं राधानगर, कुणी म्हणतं एलिफंट, कुणी कुठलातरी लपलेला कोव्ह (म्हणजे आडोशाचा छोटा किनारा) सांगतं. नक्की कुठे जाऊ?
— एक वाचक, खारघर

उत्तर : आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, हॅवलॉक म्हणजे आताचं स्वराज द्वीप, तिथे एकच सगळ्यात भारी बीच असं काही नाहीये, प्रत्येकाची आपापली वेळ आहे आणि ती चुकली की तोच बीच फुसका वाटतो. अंदमान आपल्यापासून जवळजवळ वीस रेखांश पूर्वेला आहे पण घड्याळ मात्र आपलंच, म्हणजे सूर्य तासाभराहून जास्त लवकर उगवतो आणि लवकर बुडतो. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्यास्त! इथल्या सवयीने दुपारी झोप काढून, चहा घेऊन साडेपाचला बीचवर पोचाल तर अंधारच बघाल.

राधानगर पश्चिमेला आहे, सूर्यास्ताचा. २००४ मध्ये टाइम मासिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं आणि २०२० मध्ये स्वच्छ किनाऱ्यांना मिळणारा ब्लू फ्लॅगही मिळाला, त्यामुळे संध्याकाळी तिथे सगळ्या टूरच्या गाड्या एकदमच येतात. पण तुम्ही सकाळी जा ना! नाश्ता करून निघा, लांबच लांब पांढरी वाळू, मागे उंच झाडांची सावली, माणसं अगदी मोजकी. रिक्षा जवळपर्यंत जाते, टॉयलेट आणि कपडे बदलायची सोय आहे, सासूबाईंना सावलीत निवांत बसता येईल. माझं स्पष्ट मत आहे की तुम्हाला हवी ती शांतता इथेच मिळेल, आणि ती सुद्धा कुटुंबासकट.

त्या लपलेल्या कोव्हबद्दल. तो बहुतेक राधानगरच्या टोकाचा नील्स कोव्ह, दिसायला फार सुंदर आहे, पाणी अगदी तळ्यासारखं. पण २०१० मध्ये तिथेच खाऱ्या पाण्यातल्या मगरीने एका अमेरिकन पर्यटक तरुणीचा जीव घेतला होता. खाडीची तोंडं, खारफुटी, ओढा समुद्राला मिळतो ती जागा, या मगरीच्या जागा आहेत. ऐरोलीच्या खाडीत आपण फ्लेमिंगो बघतो, अंदमानातल्या खाडीचं वागणं वेगळं आहे. पाटी लावलेली असेल तिथे गुडघाभर पाण्यातही उतरू नका, मुलांना तर अजिबात नाही. जिथे लाइफगार्ड नाही, दुसरं माणूस नाही, तिथला एकांत मुलं बरोबर असताना मला नको वाटतो.

स्नॉर्केलिंगसाठी एलिफंट बीच. जेट्टीवरून स्पीडबोटने वीसेक मिनिटं, किंवा जंगलातून चालत, पण ती पायवाट चिखलाची आहे, सासूबाईंना नको. तिथे प्रवाळ किनाऱ्याच्या अगदी जवळ आहे म्हणून पोहता न येणारेही रिंग आणि गाइड घेऊन खाली बघू शकतात. शांतता मात्र विसरा, बोटींचा गलका असतो. सकाळची पहिली बोट धरा आणि तीन दिवसांतल्या पहिल्याच सकाळी जा, कारण समुद्र खवळला की बोटी बंद होतात आणि मग दुसरा दिवस हाताशी राहतो. सासूबाईंना बोटीत चढ-उतार जड जाईल, त्यादिवशी त्या आणि घरातलं एक जण हॉटेलवर थांबलेलं बरं.

पूर्वेचे विजयनगर, गोविंदनगर आणि काळापत्थर सूर्योदयाचे. बरीच हॉटेलं याच बाजूला आहेत, पण ओहोटीला पाणी इतकं आत जातं की पोहायचं विसराच, नुसते खडक आणि प्रवाळ. म्हणून हॉटेलवाल्याला आदल्या रात्री भरतीची वेळ विचारा. आपलं कोकणातलं तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ हे गणित तिकडे जसंच्या तसं लावू नका, प्रत्येक बंदराची वेळ वेगळी. एकदा तिथली वेळ कळली की पुढचं सोपं, रोज साधारण ५० मिनिटं पुढे ढकलायची.

प्रश्न : हॅवलॉकशेजारच्या नील बेटावर रात्र काढावी का, की दिवसात उरकावं?
— एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : रात्र काढाच. दिवसात उरकणारे जेट्टीजवळच्या भरतपूरला काचेच्या तळाची बोट करतात, धावत नॅचरल ब्रिज बघतात आणि परत. तो दगडी पूल ओहोटीलाच नीट बघता येतो, आणि ओहोटी काही तुमच्या फेरीचं टाइमटेबल बघून येत नाही. राहिलात तर लक्ष्मणपूरला सूर्यास्त, सकाळी सीतापूर, आणि पूल त्याच्या वेळेला. खडक शेवाळलेले असतात, मागे पट्टा असलेले सॅंडल घाला. आणि प्रवाळाचा तुकडा पिशवीत टाकू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा तिथेच राहू द्या, शंखशिंपलेही नकोत.