भूजल शिकायला घेतलंस? आधी एवढं कर

अरे, पहिल्याच आठवड्यात मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर नको उघडूस, आधी डार्सीचा 1856 चा नियम (जमिनीतून पाणी किती वाहतं याचं सूत्र) हाताने चार-पाचदा सोडव आणि एककं सांभाळ, दिवसाला मीटर की सेकंदाला मीटर यातच बरीच पोरं गंडतात. जमिनीखाली नदी वाहते हेही डोक्यातून काढ, आपल्या बेसॉल्टमध्ये (काळ्या कातळात) पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत असतं, म्हणून एक बोअर कोरडी आणि शेजारची भरलेली असं होतं.

- सच्छिद्रता (आत किती पोकळी आहे) म्हणजे पारगम्यता (पाणी किती सहज आरपार जातं) नाही! चिकणमाती पाणी भरपूर धरते पण सोडत नाही.
- सॅम्पल घेण्याआधी पंप चालवून साचलेलं पाणी काढ, नाहीतर नायट्रेटचा आकडा फसवा येतो (पिण्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम).

आयसोटोप (पाण्याचं वय आणि उगम शोधायची चाचणी) वगैरे नंतर. मे आणि ऑक्टोबरमध्ये एकाच विहिरीची पातळी स्वतः मोज, खूप समजतं.