हापूस नक्की कोणाच्या नावाचा?

एका वाचकाने एका दमात तीन शंका विचारल्या आहेत. ‘हापूस’ हा शब्द गोवा जिंकणाऱ्या अल्बुकर्कच्या नावावरून आला हे खरे का? ‘पायरी’चा जिन्याच्या पायरीशी काही संबंध आहे का? आणि ‘हापूसचा रस’ लिहावे की ‘हापुसाचा’? आढीचा वास घरभर दरवळत असताना याहून वेळेवरची शंका सापडणार नाही.

पहिल्या शंकेचे अर्धे उत्तर ‘हो’ असे आहे. शब्द पोर्तुगीजच आहे. मूळ नाव अफोन्सो. त्यातला शेवटचा ‘ओ’ पोर्तुगीज माणूस इतका हलका, ‘उ’सारखा उच्चारतो की आपल्या कानाला तो जेमतेम ऐकू येतो. जोर पडतो तो ‘फोन्’वर, आणि तो ‘न’ही नाकातला. एवढे झिजल्यावर उरतो आफूस. मग सुरुवातीचा ‘ह’ कुठून आला? माझे मत असे, की तो बाहेरून आलेलाच नाही. ‘फ’मधला श्वास पुढे सरकून शब्दाच्या तोंडाशी बसला आणि मागे नुसता ‘प’ राहिला. पटत नसेल तर ‘ऑफिस’चे काय झाले ते आठवा. गावाकडचा माणूस ‘हापिसात’ जातो आणि तिथे ‘हापिसर’ भेटतो. नेमकी तीच उलथापालथ. गुजरातीत तर ‘हाफूस’ म्हणतात, म्हणजे तिकडे ‘ह’ही आला आणि ‘फ’ही हलला नाही.

आता अल्बुकर्क. अफोन्सो द अल्बुकर्कने गोवा घेतला १५१० मध्ये आणि तो वारला १५१५ मध्ये. आंब्याची कलमे बांधून निवडक जाती टिकवण्याचे श्रेय सहसा जेझुइट पाद्र्यांना देतात, आणि त्यांचा पहिला माणूस, फ्रान्सिस झेवियर, गोव्यात उतरला १५४२ मध्ये. मधली २७ वर्षे पाहता अल्बुकर्कने हापूस चाखला असण्याची शक्यता फारच कमी. सन्मान म्हणून नंतर नाव दिले असेल, असे म्हणता येते. पण गोव्यातल्या इतर आंब्यांची नावे पाहा : फेर्नांदिन, कुलास, हिलारियो. ही काही सेनापतींची नावे नव्हेत, चारचौघांची नावे-आडनावे आहेत. ज्याच्या बागेत चांगले झाड निघाले, त्याचे नाव फळाला लागले, इतका साधा मामला.

याला एक जुना आधारही आहे. निकोलाओ मनुची हा व्हेनिसचा माणूस. मोगल दरबाराच्या आसपास आयुष्य काढलेला, आणि त्याच्या आठवणी गप्पिष्ट म्हणून प्रसिद्ध. गोवा बेटावरचे आंबे सर्वांत उत्तम असे सांगून तो त्यांची नावेच देतो, आणि त्या यादीत पहिले नाव आहे ‘निकुलाव अफोन्सो’चा आंबा. हा निकुलाव अफोन्सो कोणीतरी बागाईतदार असावा. मला तरी हापूसचा बाप म्हणून हाच गृहस्थ जास्त पटतो. पण कथा सांगताना माणसांना विजेता सेनापती हवा असतो, बागवाल्याला कोण विचारतो!

त्याच यादीत पुढे ‘जोआनी परेरा’चा आंबाही आहे. तेव्हा दुसरी शंकाही इथेच सुटावी. पेरेस किंवा परेरा या आडनावाचे मराठी तोंडात पायरी झाले, असे सहसा मानतात आणि ते पटण्यासारखे आहे. जिन्याशी संबंध नाही. ओळखीचा शब्द हाताशी होता, त्याच्या साच्यात परके नाव बसवले गेले. एक गंमत मात्र झाली : शब्द ईकारान्त झाल्यामुळे आंबा पुल्लिंगी असूनही ‘यंदा पायरी गोड निघाली’ असे बिनदिक्कत म्हटले जाते. हापूस मात्र गोड ‘निघतो’.

जाता जाता गोव्याचा मानकुराद आंबा. पोर्तुगीज ‘मालकोरादो’, म्हणजे रंग नीट न आलेला. नाव ठेवणाऱ्याने सालीकडे पाहून निकाल दिला. गोंयकाराला मात्र त्याच्यापुढे हापूसही फिका वाटतो, आणि या वादात मी पडणार नाही.

देवाणघेवाण एकतर्फी नव्हती, हेही सांगायला हवे. पोर्तुगीजांनी मल्याळममधला ‘मांगा’ उचलला, त्याचा ‘मांगा’च ठेवला आणि तोच पुढे इंग्रजीत ‘मँगो’ झाला. गार्सिया द ओर्ता या वैद्याचे संवादरूप पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापले गेले. त्यात गप्पा रंगात आलेल्या असताना मुंबईहून होडी येते आणि कूळ आंब्यांची करंडी घेऊन हजर होते. मुंबई बेट तेव्हा ओर्ताकडे पट्ट्याने होते. तिथल्या आपल्या झाडाला वर्षातून दोनदा फळ येते, असे तो ऐटीत सांगतो. मुंबईत आंब्याच्या झाडासाठी जागा होती, हे वाचूनच हेवा वाटतो.

राहिली तिसरी शंका. कापूस–कापसाचा, माणूस–माणसाचा, पाऊस–पावसाचा ही आपली जुनी चाल. त्या हिशेबाने ‘हापसाचा’ व्हायला हवे, पण तसे कोणीच म्हणत नाही. म्हटले तर ऐकणाऱ्याला गावातला हापसा आठवेल आणि रसाऐवजी पाणी समोर येईल. नाव परक्या माणसाचे असल्यामुळे ते आपल्या चालीत पुरते मुरले नसावे. ‘हापुसाचा’ हा मधला मार्ग व्याकरणाला चालतो आणि छापलेलाही दिसतो. मी स्वतः ‘हापूसचा’ लिहितो, कारण पेटी घेताना भाव विचारतो तोही हापूसचाच.