कल्चरल इंटेलिजन्स म्हणजे 'सांस्कृतिक बुद्धिमत्ता' का?

ठाण्याच्या एका मॅडमनी विचारलंय की नववीच्या वर्गाशी 'कल्चरल इंटेलिजन्स'बद्दल, म्हणजे वेगळ्या संस्कृतीतल्या माणसांशी समजून-उमजून वागता येण्याबद्दल बोलायचंय, वर्गात मराठी, हिंदी, गुजराती, तमिळ अशी सगळी मुलं आहेत, तर 'सांस्कृतिक बुद्धिमत्ता' म्हटलं तर चालेल का.

चालेल हो, पण मुलं फसतील. शाळेत 'सांस्कृतिक' म्हटलं की गॅदरिंग, आणि 'बुद्धिमत्ता' म्हटलं की स्कॉलरशिपचा पेपर. दोन्ही जोडून त्यांना वाटणार ओणम कुठला, बिहू कुठला असली क्विझ आहे.

ही संज्ञा अर्ली आणि सून आंग या अभ्यासकांनी २००३ मध्ये मांडली, आयक्यूच्या चालीवर सीक्यू. त्यात माहिती हा चारातला एकच भाग. बाकी म्हणजे समोरच्याला समजून घ्यायची इच्छा, आपला अंदाज चुकतोय का हे आपलं आपण तपासणं, आणि मग तसं बोलणं-वागणं बदलणं. शेवटचं सगळ्यात अवघड, मोठ्यांनाही.

उदाहरण वर्गातलंच घ्या ना. माझा भाचा मित्राच्या घरी गेला आणि त्याच्या आईला अगदी अदबीने म्हणाला, "आंटी, तुम बैठो ना." त्याच्या डोक्यात 'तुम्ही', त्यांच्या कानावर 'तुम'. मराठीत तुम्ही म्हणजे मान, हिंदीत मोठ्यांना तुम म्हणजे कार्ट्याला वळण नाही! उलटंही होतं बरं का, हिंदीत 'हम' एकच, त्यामुळे घरी हिंदी बोलणारी मैत्रीण भाचीला म्हणाली "आज आम्ही मैदानात डबा खाणार", तिला म्हणायचं होतं 'आपण', आणि आमच्या बाईसाहेब दिवसभर फुगून, मला बोलावलंच नाही म्हणून. गुजराती मुलं इथे सहसा अडकत नाहीत कारण त्यांच्याकडे अमे आणि आपणे आहे, तमिळमध्येही नांगळ आणि नाम असे दोन वेगळे 'आम्ही-आपण' आहेत. म्हणजे चूक मैत्रिणीच्या स्वभावात नव्हती, सर्वनामात होती, आणि रुसण्याआधी "तुला आपण म्हणायचंय का" एवढं विचारायचं सुचणं, तेच सीक्यू.

याला मराठीत 'जाण' म्हणता येईल, पण जाण असून माणूस गप्प बसू शकतो. 'सांस्कृतिक भान' त्याहून बरं, कारण भान त्या क्षणी ठेवावं लागतं आणि सुटतंही, लेखी मजकुरात मी तेच वापरीन. 'देश तसा वेश' मला इथे नको वाटतं, त्यात नुसतं जुळवून घेणं आहे, समजून घेणं नाही.

बोलताना मात्र माझी पसंती 'तारतम्य'ला. संस्कृतातल्या तर आणि तम या प्रत्ययांवरून आलाय (उच्चतर, उच्चतम मधले), म्हणजे कमी-जास्त कुठे किती हे ओळखणं. आपल्याकडे "जरा तारतम्य ठेव" हे रागावताना म्हणतात, तेवढा खडूस वास त्याला आहे खरा, पण नववीच्या पोरांना तो ओळखीचाच असणार.

फक्त एक सांभाळा मॅडम. हिंदीत 'तारतम्य' बऱ्याचदा क्रम किंवा ताळमेळ या अर्थाने वापरतात, त्यामुळे फळ्यावर लिहिण्याआधी हिंदीवाल्या मुलांनाच विचारा की त्यांना काय वाटतं. तास तिथूनच सुरू होईल.