दहा माणसं, सात पॉइंट अन् कापसाच्या ट्रॉल्या: चौकात गर्दी करू नका

भाऊ, तुमची पोस्ट वाचली अन् आमचंच जुनं दुखणं समोर आलं. तालुक्याचं गाव, सोमवारचा आठवडी बाजार, त्याच दिवशी जिनिंगवर (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात) कापसाची खरेदी, हाताशी ठाण्याचे 4 शिपाई अन् 6 होमगार्ड. वाहतूक सांभाळायला माणूस उभा करायचे सात पॉइंट एवढ्यांत कसे भरायचे, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: सात पॉइंट भरूच नका.

चौकात जाम दिसतो, पण जन्मतो जिनिंगच्या वजनकाट्यावर. साधा हिशेब करा. एका ट्रॉलीला काट्यावर 5 मिनिटं धरली तर तासाला 12 निघतात. सकाळी 8 ते 10 तासाला 25 येत असतील, तर 10 वाजता 26 ट्रॉल्या रस्त्यावर उभ्या असतात. ट्रॅक्टर, ट्रॉली अन् मधली जागा मिळून साडेदहा मीटर धरा, म्हणजे पावणेतीनशे मीटर रांग. ती चौकापर्यंत पोचली की तिथे चार शिपाई शिट्ट्या वाजवत असले काय अन् दहा असले काय, फरक पडत नाही.

त्यातही सगळ्यात वाईट म्हणजे परतवलेली ट्रॉली. ग्रेडर (कापसाची प्रत ठरवणारा) गेटवर कापसात हात घालतो, ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला की माल नको म्हणतो. मागे रांग, समोर गेट, मग तो ट्रॅक्टरवाला भर रस्त्यात मागे-पुढे करत ट्रॉली वळवतो. ट्रॉली आडवी होते अन् दोन्ही बाजू बंद. म्हणून ट्रॉल्या जिनिंगच्या आतल्या मैदानात घ्या अन् ओलावा तिथेच, टोकन देतानाच तपासायला लावा. जिनिंगवाला कुरकुर करेल, करू द्या. (जाता जाता: थंडीत दवाचा कापूस पहाटे भरून आणू नका म्हणून गावोगाव सांगा. अकरानंतर आलेला माल कमी परत जातो.)

मोजणीबद्दल थोडकंच. गाड्यांची डोकी मोजू नका, कारच्या मानाने कोण किती रस्ता अडवतं ते मोजा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ग्रामीण रस्त्यांच्या हिशेबात कार 1, दुचाकी 0.5, ट्रॅक्टर-ट्रॉली 4.5 अन् मोठी बैलबंडी 8. म्हणजे 20 दुचाक्या 10 भरतात अन् 20 बंड्या 160. दर पंधरा मिनिटांची मोजणी एक बाजाराचा दिवस अन् एक साधा दिवस करा. शक्यतो दोन फुगवटे दिसतील, सकाळी ट्रॉल्यांचा अन् संध्याकाळी बाजार उठताना.

माझी वाटणी अशी असती. सकाळी 8 ते साडेअकरा दहाही जण: दोघे काट्याच्या गेटवर (एक रस्त्याच्या तोंडाशी, एक आत टोकनवर), दोघे तीनशे मीटर अलीकडे ट्रॉल्या मैदानाकडे वळवायला, दोघे एसटी स्टँडच्या तोंडाशी, दोघेच चौकात, एक मोटारसायकलवर फिरता, एक बदली. बदलीचा माणूस सोडू नका, नाहीतर कोणी पाणी प्यायला गेला की तोच पॉइंट फुटतो. साडेअकरा ते चार तिघेच, तेही मध्ये बदलून. बाकीचे जेवून सावलीत बसतील. चारनंतर पुन्हा सगळे, पण आता काट्यावर एक पुरे अन् उरलेला स्टँडवर, कारण काळीपिवळ्या (प्रवासी जीपा) अन् ऑटो तिथेच अडतात. जिथे चलन करायचं तिथे शिपाई, जिथे नुसता हात दाखवायचा तिथे होमगार्ड. मैदान भरलं की आतल्याने अलीकडच्याला फोन करायचा. हे ठरवलं नसेल तर बाकी सगळं वाया.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक: आणखी माणसं द्या म्हणून पत्र टाकून वाट बघत बसणं. पत्र फिरतं. रस्ता बांधकामवाल्यांचा, नाली नगरपंचायतीची, गेट जिनिंगचं. एका कार्यालयाने (नाव घेत नाही) आधी नकाशा मागितला, मग आराखडा मागितला अन् शेवटी लेखी कळवलं की विषय आमच्या कक्षेतला नाही. तोवर हंगाम संपला होता. मैदानावर मुरूम टाकायला जिनिंगवाल्याला राजी करणं त्यापेक्षा कितीतरी सोपं असतं.

एक कागद मात्र घ्याच. ट्रॉल्यांना मुख्य रस्त्यावर ठरावीक वेळेत बंदी हवी असेल तर मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 115 खाली जिल्हाधिकारी कार्यालयाकडे ठाणेदारांमार्फत मागणी करा. मी वकील नाही, कलम एकदा तिथे विचारून घ्या. बंदी महिनाभराचीच असेल तर राजपत्राची गरज नसते, पण गावात जाहीर करावं लागतं: दवंडी, भोंगा, बाजार समितीचा फळा. चौथ्या आठवड्यातच पुढच्या आदेशाच्या मागे लागा. नाहीतर सोमवारी एखादा ट्रॅक्टरवाला कागद दाखवा म्हणेल अन् त्यावर तारीख उलटून गेलेली असेल.