बाळ येतंय आणि खात्यात फारसं काही नाही

"पाचवा महिना चालू आहे. दोघंही कमावतो, तरी महिनाअखेरीला हात रिकामेच. बाळंतपण, बाळाचं सामान, मग माझी रजा. आत्ताच कर्ज काढून सगळी तयारी करून ठेवावी का?"

समुपदेशनाला येणाऱ्या जोडप्यांकडून हा प्रश्न वारंवार ऐकू येतो. त्यातल्याच एका जोडप्याचं प्रकरण इथे मांडलं आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. रकमा न देता दोघांचं मिळून महिन्याचं उत्पन्न १०० भाग धरलं आहे, म्हणजे वाचणाऱ्याला आपले आकडे त्यात बसवून पाहता येतील.

तिची महिना पगाराची नोकरी, त्याचं काम सुट्या कंत्राटांचं. ती फोनमध्ये सामानाची यादीच घेऊन आली होती: पाळणा, बाबागाडी, बाटल्या निर्जंतुक करायचं यंत्र, सहा महिन्यांपर्यंतचे कपडे, आणि असंच बरंच काही. बेरीज ९० भाग. त्यात दवाखान्याचे ३० धरून १२० भागांचं कर्ज वर्षभराच्या मुदतीवर घ्यायचं, हप्ता ११ भागांचा, असा त्याचा बेत. तिला तो पटत नव्हता, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. त्यावरून रोज खटके उडत होते.

पहिल्या भेटीत यादीला हात लावला नाही. एकूण खर्च किती, याच एका प्रश्नाभोवती जोडपी फिरत राहतात आणि अडकतात मात्र वेगळ्याच जागी. कुठल्या महिन्यात हातात किती असेल, हे कुणी मांडून पाहिलेलं नसतं. गरोदरपणातला खर्च थोडा थोडा होतो, बाळंतपणाचा एकदम येतो. खरा खड्डा पडतो तो त्यानंतर, रजेचा पगार थांबतो तेव्हा. तोवर पाळणा घरात आलेला असतो आणि त्याचे हप्तेही चालू असतात. म्हणून यादीच्या आधी बारा महिन्यांचा तक्ता: प्रत्येक महिन्यासमोर येणारे पैसे, जाणारे पैसे, शिल्लक.

उत्पन्न अनियमित असेल तर सरासरी धरू नका. त्याची मागच्या वर्षाची सरासरी ६३ भाग होती, पण बारापैकी तीन महिने तो ५५ च्या खाली गेला होता. सरासरीवर आखलेलं बजेट अशा महिन्यांत कोसळतं आणि मग कार्डावर किमान भरणा करत दिवस ढकलावे लागतात. बाराही महिन्यांची कमाई चढत्या क्रमाने लिहायची आणि सगळ्यात लहान आकड्यापासून मोजत चौथा आकडा हिशेबात घ्यायचा. इथे तो ५५ निघाला. तिचे ४५ मिळवून झाले १००. ज्या महिन्यात ५५ च्या वर मिळेल, त्या महिन्यात वरची रक्कम त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकायची, असं ठरलं.

खर्च दोघांना वेगवेगळ्या कागदांवर लिहायला सांगितले. मोठे आकडे जुळले: घरभाडं २८, किराणा आणि जेवण २४, चालू हप्ते १८, प्रवास ९, त्याच्या आईवडिलांची औषधं ७. बेरीज ८६. उरलेल्या १४ समोर तिने प्रश्नचिन्ह काढलं होतं. त्याच्या कागदावर खाली कोपऱ्यात, वाचता येईल न येईल अशा अक्षरात, "मित्र – ४" असं लिहिलेलं होतं. तिने कागद उचलला, वाचला, परत ठेवला. "कधीपासून?" तो म्हणाला, "आठ महिने. तुला ताण नको म्हणून बोललो नाही."

अशा वेळी खोली न्यायालय होऊ द्यायची नाही. लपवलेल्या उधारीचं दुःख खरं असतं आणि त्यावर बोलायलाच हवं, पण हिशेब मांडत असताना नव्हे. त्या दिवशी एवढंच केलं की ते ४ तक्त्यात घेतले. मन दुखावण्याचा विषय पुढच्या भेटीसाठी राखला, आणि त्या भेटीत दुसरं काही घेतलंही नाही. एरवी दोन्ही विषयांची गल्लत होते. पैशांचं बोलणं निघालं की जुनी जखम उघडते आणि मग दोघंही पैशांचं बोलणंच टाळू लागतात.

उरलेले १० शोधायला दोन आठवडे लागले. बँकेची आणि मोबाईल पाकिटाची विवरणं समोर घेऊन एकेक नोंद तपासायची. आपोआप नूतनीकरण होणारी, कुणी वापरत नसलेली वर्गणी, कार्डाचं बिल दोन दिवस उशिरा भरल्याचा दंड, थकून घरी आल्यावर मागवलेलं जेवण. त्यातून ६ वाचवता येत होते. मित्राशी तो स्वतः बोलला, हप्ता ४ वरून २ वर आला आणि मुदत वाढली. म्हणजे महिन्याला ८ भाग शिल्लक.

आता तारखा. ती तेव्हा विसाव्या आठवड्यात होती. डॉक्टरांनी दिलेली तारीख चाळिसाव्या आठवड्याची असली तरी पैशांची तयारी सदतिसाव्यापर्यंत पूर्ण हवी, कारण तिथून पुढे बाळ कधीही येऊ शकतं. राहिले सतरा आठवडे, म्हणजे चार महिने धरा. चार महिन्यांचे ३२ आणि आधीची बचत २५, एकूण ५७.

इस्पितळाकडून नैसर्गिक प्रसूती आणि सिझेरियन या दोन्हींचा अंदाज लेखी मागवला. त्यात खोलीचं भाडं, भूलतज्ज्ञ, बाळाच्या डॉक्टरांची फी आणि औषधं धरली आहेत की नाहीत, हे वेगळं विचारावं लागतं. तोंडी सांगितलेल्या 'पॅकेज'मध्ये नेमकं हेच सुटलेलं असतं. तयारी मोठ्या आकड्याची करायची. विमा होता, पण त्याची भरपाई नंतर मिळणार होती. खिशातून शेवटी २० च जाणार असले तरी त्या आठवड्यात भरायला ३५ हातात हवे होते. उरलेले १५ परत येणार होते, मूळ बिलं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि डिस्चार्जचा कागद जोडल्यावर. नावाच्या स्पेलिंगमधल्या एका अक्षराच्या फरकाने दावे अडकतात, तेव्हा दाखल होतानाच ओळखपत्राशी नाव ताडून घ्या. बऱ्याच पॉलिसींत प्रसूतीसाठी प्रतीक्षाकाळ असतो आणि नवजात बाळाचं नाव ठरावीक दिवसांतच जोडावं लागतं, हेही आधीच विचारून ठेवायचं.

५७ मधून ३५ गेले. सामानासाठी २२ उरले. आणि यादी होती ९० ची.

रजेचा हिशेब मांडल्यावर मात्र यादीचा प्रश्न आपोआप निकालात निघाला. तिला तीन महिने पगारी रजा होती आणि पुढचे तीन महिने बिनपगारी घ्यायची इच्छा होती. खर्च ९२ वर आला होता. रजेत तिचा प्रवास वाचून ५ कमी होणार, बाळाचे ६ वाढणार, म्हणजे ९३. पगारी महिन्यांत दर महिन्याला ७ असे २१ शिल्लक पडणार. पगारी रजा संपता संपता जुन्या हप्त्यांतला ६ भागांचा एक हप्ताही सुटणार होता. तरी बिनपगारी महिन्यात खर्च ८७ आणि येणार त्याचे ५५. खड्डा महिन्याला ३२ चा, तीन महिन्यांचा ९६. नवं कर्ज काढलं असतं तर तोच खड्डा महिन्याला ४३ चा झाला असता.

सामानाची यादी ९० ची आणि तीन महिन्यांच्या बिनपगारी रजेची किंमत ९६, हे दोन आकडे तिने एकाखाली एक लिहिले. "म्हणजे ही बाबागाडी जवळजवळ दहा दिवसांची रजा आहे," ती म्हणाली. पुढची काटछाट तिनेच केली.

सामान दोन टप्प्यांत विभागलं: पहिल्या चौदा दिवसांत लागणारं आणि बाकीचं सगळं. आधी घ्यायचं ते फक्त पहिल्या टप्प्यातलं. समोरून उघडणारी सहा-आठ झबली, तीन-चार दुपटी, टोपडी, डिजिटल थर्मामीटर, आणि झोपायला कडक, सपाट गादी. उशी, मऊ कठडे, खेळणी झोपण्याच्या जागेत नकोतच. त्यांनी बाळाचा श्वास कोंडू शकतो, म्हणजे ती न घेण्यात बचतही आहे आणि सुरक्षितताही. लंगोट पहिल्या काही आठवड्यांत दिवसाला १० ते १२ वेळा बदलावा लागतो. रोज धुणं होत असेल तर कापडी २४ पुरतात, रात्रीपुरते डायपर. नवजात मापाचं एकच पाकीट घ्यायचं. ते माप साधारण चार-पाच किलोपर्यंतच चालतं आणि बऱ्याच बाळांना महिन्या-दीड महिन्यात अपुरं पडतं. स्वस्तात मिळतंय म्हणून घेतलेले चार गठ्ठे मग कपाटात पडून राहतात. नातेवाईक "काय आणू?" म्हणून विचारतातच, त्यांना पुढच्या मापाचे डायपर सांगायचे. यात संकोच वाटायचं काही कारण नाही.

वापरलेले कपडे, टब, बाबागाडी खुशाल घ्यावी, गाडीचा ब्रेक तेवढा तपासून. पाळण्याच्या दांड्यांमधलं अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, आणि गादी व कठडा यांच्यात दोन बोटांपेक्षा मोठी फट नको. ज्याचा पूर्वइतिहास ठाऊक नाही असं गाडीतलं बाळाचं आसन मात्र फुकट मिळालं तरी घेऊ नये, कारण अपघातात बसलेला धक्का वरून दिसत नाही. एकाच व्यक्तीसाठी बनवलेला दूध काढायचा पंपही दुसऱ्याचा वापरू नये.

बाटल्या आणि पावडरचे डबे आधीपासून भरून ठेवायचे नाहीत, असं ठरलं. अंगावरचं दूध सुरुवातीला जमत नसेल तर पहिल्या आठवड्यातच जाणकार परिचारिकेची मदत घेणं कितीतरी स्वस्त पडतं. पाच किलोच्या बाळाला दिवसाला साधारण ७५० मिलीलीटर दूध लागतं. त्याला जवळजवळ १०० ग्रॅम पावडर जाते, म्हणजे ४०० ग्रॅमचा डबा चार दिवसांत संपतो. पावडर द्यावीच लागली तर तिची वेगळी ओळ बजेटमध्ये घाला, पण डबा पुरवायला पाणी वाढवू नका. पातळ दुधाने बाळाच्या रक्तातलं सोडियम घसरतं आणि झटके येऊ शकतात. पावडरचे फुकट नमुने हातात पडले तरी सावध राहा. मातांना असे नमुने देऊ नयेत, असं १९८१ ची आंतरराष्ट्रीय संहिता सांगते ते उगीच नाही.

काटकसरीची एक जागा तिने आधीच चुकीची निवडलेली होती. पैसे वाचवायला तिने सोनोग्राफी पुढे ढकलली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शनानुसार गरोदरपणात किमान आठ तपासण्या आणि चोविसाव्या आठवड्याच्या आत एक सोनोग्राफी व्हायला हवी. लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या रोजच्या रोज. वाढलेला रक्तदाब किंवा रक्तक्षय वेळीच कळला तर गोळ्यांवर भागतं. उशिरा कळला तर रात्री-अपरात्री धावपळ आणि अतिदक्षता विभागाचं बिल. खर्च झेपत नसेल तर तपासणी सरकारी दवाखान्यात करून घ्या, पण टाळू नका. तिची सोनोग्राफी त्याच आठवड्यात झाली.

कार्यालयाला तिने ईमेल पाठवला, मुद्दाम लेखी. रजा कुठल्या तारखेपासून मोजणार? पगार मूळ वेतनावर की पूर्ण? तो नेहमीच्या तारखेला जमा होणार की नंतर दावा करून? बिनपगारी काळात विमा चालू राहणार का? देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००० सालचा करार किमान चौदा आठवडे रजा आणि आधीच्या कमाईच्या किमान दोन तृतीयांश मोबदला सांगतो, पण सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही. तिला कळलं की प्रसूतीआधी घेतलेला प्रत्येक आठवडा त्याच तीन महिन्यांतून वजा होणार. तब्येत ठीक होती, डॉक्टरांची हरकत नव्हती, म्हणून ती छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत कामावर गेली.

हाती राहणार होते विम्याचे १५ आणि पगारी रजेतले २१, मिळून ३६. त्यात बिनपगारी एक महिना बसत होता. दुसरा महिना कशावर घ्यायचा, याचा नियम ठरला: त्याच्या वरच्या कमाईच्या खात्यात ३२ जमले तर पूर्ण महिना, कमी जमले तर त्या प्रमाणात दिवस. रविवारी सकाळी वीस मिनिटं तक्ता उघडायचा, रात्री झोपताना पैशांचा विषय काढायचा नाही, आणि दोन भागांहून मोठी खरेदी तीन दिवस थांबून, दोघांच्या होकाराने.

बाळ अडतिसाव्या आठवड्यात आलं. कामाचा हंगाम मधे थंडावला आणि त्या खात्यात २१ च जमले. एक महिना आणि वर वीस दिवस घेऊन ती कामावर परतली. तिला आणखी हवे होते, ते मिळाले नाहीत. पण नवं कर्ज नव्हतं आणि मित्राची उधारीही फिटत आली होती.

आठव्या महिन्यात हे वाचत असाल आणि हाताशी बचत नसेल, तर क्रम असा ठेवा. आधी इस्पितळाचा लेखी अंदाज आणा. तो झेपत नसेल तर सरकारी रुग्णालयात आत्ताच नोंदणी करा, कळा सुरू झाल्यावर नव्हे. मग घरमालक आणि हप्ते घेणारी संस्था यांच्याशी हप्ता चुकण्याआधी बोला. चुकल्यानंतर मुदत मागणाऱ्यापेक्षा आधी मागणाऱ्याचं काम लवकर होतं. सामानाची यादी त्यानंतर, आणि तीही चौदा दिवसांपुरती. काळजीने झोप उडाली असेल, किंवा दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत उदास राहत असेल, तर तेही पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सांगा.