वेगासचा मेन इव्हेंट पहिल्यांदा खेळताना: आधी हातांच्या सवयी बदला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑनलाइन भरपूर हात (म्हणजे डाव) खेळून झालेत, घरच्या टेबलावर दिवाळीत बहुतेक वेळा जिंकता, आणि आता लास व्हेगासला वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचा 10,000 डॉलरचा मेन इव्हेंट खेळायचाय. तिथे नेमकं वेगळं काय, आणि तयारी कशाची करायची?

रेंज, पोझिशन, सॉल्व्हर अशा डावपेचांवर इथे पोत्याने लिहिलं गेलंय, ते परत उगाळत नाही. पहिल्यांदा जाणारा माणूस चुकीच्या पत्त्यांपेक्षा चुकीच्या सवयींनी आणि कंटाळ्याने जास्त चिप्स घालवतो, म्हणून त्याच दोन गोष्टींवर लिहितो.

आधी आवाका. 2003 मध्ये या स्पर्धेत 839 जण होते. 2023 मध्ये 10,043, 2024 मध्ये 10,112 आणि 2025 मध्ये 9,735. 2022 पासून स्पर्धा हॉर्सशू आणि पॅरिस या शेजारच्या दोन हॉटेलांत भरते. सुरुवातीला 60,000 चिप्स मिळतात, ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी दोघांनी पाळीपाळीने भरायची सक्तीची रक्कम, छोटी आणि मोठी) 100/200 पासून, म्हणजे हातात 300 बिग ब्लाइंड. लेव्हल, म्हणजे ब्लाइंड वाढेपर्यंतचा टप्पा, दोन तासांची. री-एंट्री नाही: बाद झालात की झालात. तुमच्या 10,000 पैकी 9,300 बक्षिसांत जातात, 700 आयोजक ठेवतात. साधारण 15 टक्के लोकांना पैसे मिळतात, सर्वांत खालचं बक्षीस 15,000 डॉलर. याचा सरळ अर्थ असा की दर 100 पैकी 85 जण रिकाम्या हाताने परततात आणि त्यांत उत्तम खेळाडूही असतात. ही रक्कम गेली तर घरात कोणाचा हप्ता अडणार असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही.

आता वेगाचा हिशेब. नऊ जणांच्या टेबलावर डीलर हाताने पत्ते पिसून वाटतो, लोक विचार करतात, चिप्स मोजतात. तासाला 25 ते 30 हात होतात. दोन-दोन तासांच्या पाच लेव्हल, म्हणजे पूर्ण दिवसात 250 ते 300 हात. ऑनलाइन चार टेबलं लावणारा एवढे हात तासाभरात बघतो. एक्के, राजे किंवा राण्या यांची जोडी सरासरी 74 हातांत एकदा येते, म्हणजे दिवसभरात तीन-चार वेळा. एक्क्यांची जोडी 221 हातांत एकदा, म्हणजे दिवसाला एक, आणि नशीब आडवं आलं तर एकही नाही. कुठलीही जोडी 17 हातांत एकदा. ती घेऊन फ्लॉपवर (टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांत) त्याच आकड्याचं तिसरं पान लागण्याची शक्यता साडेआठात एक. चार तास काहीच न येणं हे दुर्दैव नाही, तो नेहमीचा दिवस आहे.

नवखा नेमका इथेच फसतो. तिसऱ्या तासाला त्याला वाटतं, एवढ्या लांब आलो ते पत्ते फेकायला का? मग राजा-नहिला, तोही वेगवेगळ्या रंगांचा, 'बघू या' म्हणून खेळला जातो. मुळात घाई कशाची? 100/200 ला बिग ब्लाइंड-अँटी (दर हाताला भरायची जादा रक्कम) धरून टेबलाच्या एका फेरीचा खर्च 500, म्हणजे 60,000 मध्ये 120 फेऱ्या. ब्लाइंड 400/800 झाले तरी फेरीला 2,000, म्हणजे 30 फेऱ्या शिल्लक. (अँटी प्रत्येकाकडून घेत नाहीत, बिग ब्लाइंडवर बसलेला सगळ्या टेबलाची एकट्याने भरतो. आपली पाळी आली की दोन ढीग पुढे ठेवायचे, डीलरला आठवण करून द्यावी लागू नये.) रिकाम्या वेळात समोरच्या दोघांचे हात लक्ष देऊन बघा: कोण बटणावरून (शेवटी पाळी येणाऱ्या जागेवरून) काहीही उचलतो, शोडाउनला (शेवटी पानं दाखवताना) काय उघडतो. ऑनलाइन ही माहिती आकड्यांत मिळायची, इथे स्वतः गोळा करावी लागते. फोनवरची मालिका त्यासाठीच बंद ठेवायची. हात चालू असताना फोनला बंदी असते, ते वेगळंच.

आता हात. ऑनलाइन चूक करायला बटणच नसतं. इथे सगळ्या चुका करायची मोकळीक आहे.

सर्वांत जास्त लोक अडकतात ते एकाच चिपच्या नियमात. ब्लाइंड 100/200, समोरच्याने 500 केलं. तुम्हाला रेज (रक्कम वाढवणं) करायचंय म्हणून तोंडाने काही न बोलता 5,000 ची नारिंगी चिप पुढे टाकलीत. हा रेज नाही, कॉल (तेवढंच भरणं) आहे. 4,500 सुटे परत मिळतील. उलट बाजूने बघा: कॉल करायचा म्हणून 500 च्या दोन जांभळ्या चिप्स टाकल्यात. त्यांतली एक काढली तरी 500 पूर्ण होतात, म्हणजे दुसरी चिप रेजची धरली जाईल. इथे किमान रेज 800 चा (200 चे 500 झाले, म्हणजे वाढ 300; निदान तेवढीच पुन्हा), तुमचे झाले 1,000, त्यामुळे हा पक्का रेज; 'नाही नाही, कॉल' म्हणून चालणार नाही. पण समोर 800 असताना त्याच दोन चिप्स टाकल्या तर तो कॉल, कारण एक काढली की 800 भरत नाहीत. हे सगळं लक्षात ठेवण्यापेक्षा सोपा उपाय: चिप्सना हात लावायच्या आधी मोठ्याने बोला. 'रेज, फिफ्टीन हंड्रेड.' बोललेला शब्द बांधील असतो, मग चिप्स कशाही टाका. आणि हा आकडा एकूण धरतात. आधीच्या 500 वर आणखी 1,500 असा नाही.

एकदा हात पुढे नेऊन चिप्स ठेवल्या, मग परत स्टॅककडे (आपल्या चिप्सच्या ढिगाकडे) जाऊन आणखी आणल्या, तर तो स्ट्रिंग बेट: पहिल्या खेपेला जेवढं ठेवलंत तेवढंच धरतात. तीन पत्तीतून आलेल्यांना हे सर्वांत जड जातं, कारण तिथे एकेक करून चाल टाकायची आणि मध्येच 'बरं, अजून एवढे' म्हणायची सवय असते. चिप्स पॉटमध्ये (मधल्या ढिगात) भिरकावण्याची सवयही तिथलीच. इथे चिप्स आपल्यासमोर नीट रचून ठेवायच्या, पॉटमध्ये ओढून घेणं डीलरचं काम.

पत्ते कसे बघायचे, हेही घरी करून बघण्यासारखं आहे. दोन्ही पानं टेबलावर सपाट, डाव्या हाताचा पंजा वरून आडोशाला, उजव्या अंगठ्याने फक्त कोपरे इतकेच उचलायचे की आकडा आणि चिन्ह दिसेल. छातीशी धरून पंख्यासारखी उघडली तर बाजूच्या दोघांना फुकट दर्शन. बघून झाल्यावर पानांवर एक चिप ठेवा. ही शोभा नाही. डीलरच्या लगत, पहिल्या किंवा नवव्या जागेवर बसलात आणि पानं उघड्यावर राहिली, तर डीलर फेकलेली समजून ती ओढून घेतो. एकदा ती फेकलेल्या पानांत मिसळली की तुमचा हात मेला. एक्के होते हे सांगून उपयोग नाही. आणि पानं आपली पाळी आल्यावरच बघायची सवय लावा. आधी बघून खांदे पडले की पुढच्याला फुकट माहिती मिळते.

शोडाउनला दोन्ही पानं उताणी टेबलावर ठेवायची आणि पॉट आपल्याकडे सरकेपर्यंत सोडायची नाहीत. पानं स्वतः बोलतात. तुम्ही 'एक जोडी' म्हणालात आणि प्रत्यक्षात स्ट्रेट (ओळीची पाच पानं) असेल, तर स्ट्रेटच धरला जाईल. पण समोरच्याने नुसतं 'फ्लश' (एकाच चिन्हाची पाच पानं) म्हटलं म्हणून तुम्ही आपली पानं उलटी फेकलीत आणि त्याच्याकडे फ्लश नव्हता, तर गेलं. बघितल्याशिवाय फेकायचं नाही.

भाषेचा मुद्दा मराठी माणसांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. हात चालू असताना टेबलावर फक्त इंग्रजी चालतं. शेजारी ठाण्याचा कोणी निघाला आणि तुम्ही हाताच्या मध्ये 'अरे, याच्याकडे काय असेल रे?' विचारलंत, तर विषय कितीही निरागस असो, डीलर फ्लोअरला (निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याला) बोलावू शकतो. हात तुमचा एकट्याचा, सल्लामसलत नाही. दोन हातांच्या मधल्या वेळात खुशाल गप्पा मारा. डीलरचा निर्णय पटला नाही तर त्याच्याशी वाद घालू नका. शांतपणे 'फ्लोअर प्लीज' म्हणा, आणि तेही पुढचा हात सुरू व्हायच्या आत.

टेबल मोडलं की नवीन जागेची चिठ्ठी मिळते. चिप्स रॅकमध्ये, सगळ्यांना दिसतील अशा न्यायच्या. खिशात एकही नाही, अगदी सुटी सुद्धा. मोठ्या चिप्स पुढे, छोट्या मागे हा नियम नव्या टेबलावर बसल्याबसल्या पाळा, कारण समोरच्याला तुमचा स्टॅक अंदाजाने मोजता आला पाहिजे. ब्लाइंड वाढले की छोट्या चिप्स बाद करतात. उरलेल्या सुट्यांसाठी प्रत्येक चिपमागे एक पान वाटतात आणि मोठ्या पानाला मोठी चिप मिळते. त्यात कोणी बाद होत नाही, घाबरू नका.

शरीराकडे वळू. जुलैत बाहेर 40 अंशांच्या वर, आत एसी इतका की बोटं गार पडतात. जाड जॅकेट रोज सोबत. ब्रेक 20 मिनिटांचा आणि हजारो माणसं एकदम उठतात. त्यात पुरुषांच्या स्वच्छतागृहाची रांगच ब्रेक खाते. अनुभवी लोक ब्रेकच्या दोन-तीन हात आधी उठतात, कारण त्या दोन हातांची किंमत नगण्य असते (ब्लाइंडवर नसाल तर). खिशात शेंगदाणे, खजूर, चिक्की काहीही ठेवा. रात्रीच्या जेवणात भात हाणून आलात तर शेवटच्या लेव्हलला डोळे मिटतील, आणि दिवसातले सर्वांत महागडे घोटाळे तिथेच होतात. जेट लॅगसाठी निदान चार दिवस आधी पोचा. परतीचं तिकीट बदलता येण्यासारखं घ्या: सुरुवातीचा दिवस ए, बी, सी, डी असा चार भागांत होतो. 1ए खेळून टिकलात तर दुसऱ्या दिवसाचा खेळ सुरू होईपर्यंत मध्ये रिकामे दिवस जातात.

दिवस संपला की चिप्स पिशवीत. दोनदा मोजा, पिशवीवर नाव आणि आकडा स्वच्छ लिहा, सील तुमच्यासमोर लागू द्या आणि पावतीचा तुकडा पासपोर्टसोबत ठेवा. दुसऱ्या दिवशी जागा नव्याने ठरते.

पैशांत येण्याची वेळ, म्हणजे बबल, साधारण तिसऱ्या दिवसाच्या अखेरीला किंवा त्याच्या आसपास येते. तेव्हा सगळी टेबलं एकेक हात खेळून थांबतात, दुसरीकडचा हात संपेपर्यंत तुम्ही नुसते बसून. एका हाताला दहा मिनिटंही जातात. इथे माझं मत बऱ्याच पुस्तकी सल्ल्यांपेक्षा वेगळं आहे. 'बबलला आक्रमक व्हा' हे मोठ्या स्टॅकवाल्यासाठी ठीक आहे. 8-10 बिग ब्लाइंड उरलेल्याने, ज्याने आयुष्यात एकदाच 10,000 भरलेत, त्याने 15,000 साठी गप्प बसण्यात काही लाज नाही. मधल्या स्टॅकची मात्र पंचाईत असते: तुमच्यावर दाब टाकणारे मोठे स्टॅक डाव्या हाताला असतील तर चांगले पत्तेही सोडावे लागतात.

आता पैसे आणि कागद. नोंदणीला पासपोर्ट आणि सीझर्स या कॅसिनो कंपनीचं रिवॉर्ड्स कार्ड लागतं, वय 21 पूर्ण. भारतातून जाताना रोख परकीय चलन 3,000 डॉलरपर्यंतच नेता येतं, म्हणजे एंट्री रोखीने नेण्याचा विचार सोडा. फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) नियमांत लॉटरी, स्वीपस्टेक्स वगैरेंसाठी पैसे बाहेर पाठवायला मनाई आहे. पोकरची एंट्री त्या 'वगैरे'त बसते का, हे आमच्यासारख्यांना न विचारता सीएला विचारा, आणि तिकीट काढायच्या आधी विचारा. ऑगस्ट 2025 च्या कायद्याने देशात पैशांचं ऑनलाइन पोकर बंद झाल्यापासून घरबसल्या सॅटेलाइटचा (कमी पैशांत एंट्री जिंकायच्या स्पर्धेचा) रस्ताही गेला. तिथे जाऊन मात्र 1,100 डॉलरची मेगा सॅटेलाइट खेळता येतात, साधारण दर दहा जणांत एका जागेच्या हिशेबाने. 10,000 थेट भरण्याआधी तोच मार्ग बरा. आणि त्याच्याही आधी गोव्यात, मांडवीतल्या तरंगत्या कॅसिनोंवर किंवा पणजीत होणारी एखादी दोन-तीन दिवसांची स्पर्धा खेळून या. एकाच चिपचा नियम तिथे शिकणं वेगासच्या मानाने फारच स्वस्त पडतं.

बक्षीस लागलं तर भारतीय पासपोर्टवर अमेरिकेत 30 टक्के कर कापूनच रक्कम हातात येते. त्याचा फॉर्म 1042-एस जपून ठेवा, कारण इथल्या रिटर्नमध्ये त्या कराची वजावट मागताना सीए पहिला तोच कागद मागेल. मित्रांनी एंट्रीत हिस्सा घेतला असेल तर किती टक्के, आणि तो कराआधी की करानंतर, हे निघायच्या आधी लिहून घ्या. कर कापलेला असतो तुमच्या एकट्याच्या नावावर.