शाळेत आम्ही दोघीच, त्यात मला बीएलओ ड्युटी

प्रश्न: ताई, नमस्कार. मी इंदूरला सरकारी प्राथमिक शाळेत शिकवते, राहते राजेंद्र नगरात. शाळेत मुलं 57 आणि शिक्षिका आम्ही दोघीच. माझी बीएलओ (बूथ लेव्हल ऑफिसर, म्हणजे मतदार यादीचं काम) ड्युटी लागली की दुसऱ्या मॅडम एकट्या पाच वर्ग सांभाळतात. आता वरून समग्र आयडीचं (मध्य प्रदेश सरकारचा योजनांसाठीचा कुटुंब-ओळख क्रमांक) ई-केवायसी, म्हणजे ओळख पडताळणी, पण आमच्याच गळ्यात आलंय, तेही नुसता व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकून. नाही म्हटलं की कारणे दाखवा नोटिशीची भीती. सासूबाई म्हणतात सरकारी नोकरी आहे, करून टाक. खरंच नाही म्हणता येत नाही का?

उत्तर: अगं, ही दोन कामं आधी वेगळी कर, कारण दोन्हीला कायदा एक नाहीये.

बीएलओला सरळ नाही म्हणू नकोस. मतदार यादीच्या कामात कसूर केली तर 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 32 खाली तीन महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड आहे, त्यामुळे रागात "मी नाही करणार" असं लिहून देऊ नकोस. पण ड्युटी करायची म्हणजे शाळा सोडून करायची असं कुठेय? डिसेंबर 2007 मध्ये सुप्रीम कोर्टाने सेंट मेरीज शाळेच्या केसमध्ये सांगितलंय की शिक्षकांना हे काम सुट्टीच्या आणि न शिकवण्याच्या दिवशी द्यावं, शिकवण्याच्या दिवशी, शिकवण्याच्या वेळेत सहसा देऊ नये. अर्जात हेच लिही. बीएलओचं वर्षाचं मानधन 2025 मध्ये 6000 वरून 12000 केलंय, ते वेळेवर मिळतंय का तेही बघ.

ई-केवायसीचं मात्र वेगळं आहे. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 27 मध्ये शिक्षकांना बिनशैक्षणिक कामाला लावायला मनाई आहे, अपवाद तीनच, दर दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक. समग्र त्यात कुठे बसतं, सांग! आता 2027 च्या जनगणनेचं काम तुमच्याकडे येईल, ते कायद्यात आहे म्हणून करावं लागेल, पण बाकीच्या योजनांची कामंही त्याच ओघात खपवली जातात आणि आपण निमूटपणे करत बसतो, मला याचाच जास्त त्रास होतो गं, कारण नुकसान पहिलीतल्या त्या पोराचं होतं ज्याला घरी शिकवणारं कोणी नसतं.

याच कायद्यात 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि पहिली ते पाचवीला वर्षाचे 200 दिवस, 800 तास शिकवणं ठरवलंय. म्हणजे तुझ्या शाळेत दोघी म्हणजे कमीत कमी झालं, त्यातली एक बाहेर गेली की शाळा लगेच नियमाखाली जाते. तक्रारीत स्वतःच्या त्रासाआधी हा हिशोब मांड, तुझ्या ड्युटीच्या किती दिवशी मॅडम एकट्या होत्या ते हजेरी रजिस्टरमधून तारखांसकट काढ.

मग संकुल प्राचार्यांना (आसपासच्या शाळांच्या गटाचे प्रमुख) लेखी अर्ज दे, "ई-केवायसीचा लेखी आदेश द्यावा, त्यात नियम नमूद करावा", आणि दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर नि शिक्का घेच. मेसेजचे स्क्रीनशॉट ठेव. एकटीने नको, मॅडमची पण सही घे, जमलं तर संकुलातल्या आणखी दोन-चार शाळांच्या, कारण नोटीस एकीला काढणं सोपं असतं. उन्हाळी सुट्टीत ड्युटी लागली तर तो आदेश जपून ठेव, बदल्यात अर्जित रजा मागता येते.

आणि सासूबाईंना सांग, नोकरी शिकवायचीच आहे.